वायरलेस कंपन्यांचे शेअर घेताना : पैसा साखळीत नेमका कुठे थांबतो?

मोबाइलवर वापरला जाणारा डेटा दरवर्षी वाढतो आहे, म्हणून तो पुरवणाऱ्या कंपन्यांचे शेअरही वाढतील, असं गणित बरेच जण मांडतात. गेल्या पंचवीस वर्षांत या गणिताने भल्याभल्यांचा घात केला आहे. सन २००० मध्ये ब्रिटनच्या ३जी (तिसऱ्या पिढीच्या मोबाइल सेवेच्या) परवान्यांच्या लिलावात सुमारे २२.५ अब्ज पौंड आणि त्याच वर्षी जर्मनीच्या लिलावात सुमारे ५० अब्ज युरो मोजले गेले. मोबाइल इंटरनेट येणार हा अंदाज अगदी बरोबर ठरला. पण ज्यांनी ते पैसे मोजले त्यांच्या ताळेबंदावर कर्जाचा डोंगर उभा राहिला. ब्रिटिश टेलिकॉमला तर कर्ज हलकं करण्यासाठी २००१ मध्ये आपला मोबाइल व्यवसायच वेगळा काढावा लागला. तंत्रज्ञानाबद्दलचा अंदाज बरोबर आणि शेअर मात्र बुडीत, असं या क्षेत्रात सहज घडतं.

त्यामुळे वायरलेसमध्ये गुंतवणूक करताना ‘पुढचं तंत्रज्ञान कोणतं’ हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. ग्राहकाने बिलापोटी दिलेला पैसा साखळीतून जाताना कुणाकडे टिकतो आणि कुणाच्या हातून नुसता पुढे सरकतो, हे आधी शोधायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी १ : साखळी कागदावर काढा

एका ओळीत चार-पाच चौकोन काढा. पहिल्यात सेवा देणाऱ्या कंपन्या (ऑपरेटर) : व्हेरायझन, एटी अँड टी, टी-मोबाइल, व्होडाफोन, भारती एअरटेल यांसारख्या. दुसऱ्यात टॉवर कंपन्या : अमेरिकन टॉवर, क्राउन कॅसल, एसबीए, सेलनेक्स, इंडस टॉवर्स. तिसऱ्यात रेडिओ आणि नेटवर्क उपकरणं बनवणारे : एरिक्सन, नोकिया, सॅमसंग, ह्वावे, झेडटीई. चौथ्यात चिप बनवणारे : मोडेममध्ये (फोनला नेटवर्कशी जोडणाऱ्या चिपमध्ये) क्वालकॉम आणि मीडियाटेक, रेडिओ लहरी गाळणाऱ्या आणि वाढवणाऱ्या भागांत स्कायवर्क्स, कोर्वो, ब्रॉडकॉम, मुराता. पाचवा चौकोन पेटंटवाल्यांचा. इंटरडिजिटलसारखी कंपनी जवळजवळ पूर्ण त्यावरच चालते. क्वालकॉम, नोकिया आणि एरिक्सन यांना दोन-दोन चौकोनांत लिहावं लागेल.

कंपनी कोणत्या चौकोनात बसते हे कळल्याशिवाय तिचा किंमत-नफा गुणोत्तराचा (शेअरचा भाव भागिले दर शेअरमागचा नफा) आकडा बघण्यात अर्थ नाही. ऑपरेटर कर्जावर चालणाऱ्या पायाभूत सेवेसारखा वागतो, टॉवर कंपनी भाड्याच्या इमारतीसारखी, उपकरणवाला कंत्राटदारासारखा, चिपवाला कारखान्यासारखा. ‘टेलिकॉम शेअर’ असं एकच लेबल लावून त्यांची तुलना केली की पहिलाच बटण चुकीच्या काजात जातो.

फंडातून गुंतवणूक करणार असाल तर इथे एक खड्डा आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये जागतिक क्षेत्र-वर्गीकरणात ‘टेलिकम्युनिकेशन सर्व्हिसेस’ हे क्षेत्र ‘कम्युनिकेशन सर्व्हिसेस’ झालं आणि त्यात गूगलची अल्फाबेट, फेसबुक (आताची मेटा) आणि नेटफ्लिक्स आले. परिणामी, या नावाच्या अमेरिकी निर्देशांक-फंडात सर्वांत मोठा वाटा जाहिरातीवर चालणाऱ्या कंपन्यांचा असतो. क्वालकॉम आणि नेटवर्क उपकरणवाले माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात गणले जातात, अमेरिकेतल्या टॉवर कंपन्या रिअल इस्टेटमध्ये. म्हणून फंडाच्या नावावर विसंबू नका. त्यातल्या पहिल्या दहा कंपन्या आणि त्यांचे टक्के बघून प्रत्येकीला वरच्या चौकोनांत बसवा. निम्मे पैसे चौकोनांबाहेर पडत असतील तर तो वायरलेस फंड नव्हे.

पायरी २ : ऑपरेटर – शंभराच्या महसुलाचं काय होतं

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

समजा एका ऑपरेटरचा वर्षाचा महसूल १०० आहे. एबिटा, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा होण्याआधीचा नफा, ४५. गुंतवणूकदारांसाठीच्या सादरीकरणात हा ४५ मोठ्या अक्षरांत असतो. आता वजाबाकी करा. नेटवर्कवरचा भांडवली खर्च १८ (महसुलाच्या १५ ते २० टक्के हे नेहमीचं प्रमाण). टॉवर आणि जागांच्या भाडेकरारांपोटी ७. स्पेक्ट्रमचे, म्हणजे रेडिओ लहरींचे पट्टे वापरण्याच्या परवान्यांचे, हप्ते ८. कर्ज एबिटाच्या अडीचपट, म्हणजे ११२.५, त्यावर ८ टक्क्यांनी व्याज ९. उरले ३, आणि तेही कर भरण्याआधी.

आता दर ५ टक्क्यांनी वाढले असं धरा. महसूल १०५ होतो. नेटवर्क तेच, माणसं तीच, त्यामुळे वाढीव ५ पैकी साधारण ४ खाली झिरपतात. हातातली रोकड ३ वरून ७ वर, म्हणजे दुपटीहून जास्त. उलट दर ५ टक्क्यांनी पडले तर ३ चे उणे १. ऑपरेटरच्या शेअरमधल्या उड्या आणि आपटी या गणितातून येतात. ग्राहकसंख्या वाढली की घटली यापेक्षा दर कुणाच्या ताब्यात आहेत, हे जास्त महत्त्वाचं ठरतं ते त्यामुळेच.

दर कुणाच्या ताब्यात आहेत हे ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे बाजारातल्या खेळाडूंची संख्या. पैसेवाला नवा खेळाडू उतरला की काय होतं ते फ्रान्समध्ये जानेवारी २०१२ ला फ्री मोबाइल आल्यावर दिसलं आणि भारतात सप्टेंबर २०१६ ला जिओ आल्यावर तर फारच ठळकपणे दिसलं. उलट चाराचे तीन होतात तेव्हा दरयुद्ध शमण्याची शक्यता वाढते. अमेरिकेत टी-मोबाइल आणि स्प्रिंटचं विलीनीकरण १ एप्रिल २०२० ला पूर्ण झालं. कंपनी निवडण्याआधी तो बाजार निवडा : किती खेळाडू, त्यातले तोट्यात चालणारे किती, आणि नवा परवाना देण्याची सरकारची इच्छा कितपत.

कंपनीचे तिमाही निकाल हातात घेतल्यावर पुढचे आकडे एका वहीत मागच्या आठ तिमाहींसाठी उतरवा.

– आर्पू, म्हणजे दर ग्राहकामागे दरमहा मिळणारा सरासरी महसूल. तो वाढला असेल तर दरवाढीने वाढला, की स्वस्त योजनेवरचे ग्राहक सोडून गेल्यामुळे सरासरी वर सरकली, हे वेगळं करा. आर्पू वर आणि ग्राहकसंख्या खाली, असं सलग तीन तिमाही दिसलं तर ती ताकद नव्हे, गळती आहे.

– चर्न, म्हणजे दरमहा सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण. १ टक्का चर्न म्हणजे ग्राहक सरासरी १०० महिने टिकतो, २ टक्के म्हणजे ५०. एक ग्राहक मिळवायला १५०० खर्च होतात आणि त्याच्यामागे महिन्याला ६० नफा उरतो असं धरलं, तर खर्च वसूल व्हायलाच २५ महिने लागतात. ४ टक्के चर्नवर ग्राहक सरासरी २५ महिनेच टिकतो, म्हणजे सगळा खटाटोप शून्यावर. काही कंपन्या चर्न तिमाहीचा देतात आणि काही महिन्याचा, तेवढं तपासून घ्या.

– निव्वळ कर्ज भागिले एबिटा. ऑपरेटरसाठी २ ते ३ सोसवतं. ४ च्या पुढे गेलं की कंपनी भागधारकांसाठी न चालता बँकांसाठी चालू लागते.

– भांडवली खर्च आणि घसारा यांची शेजारी-शेजारी तुलना. खर्च सलग काही वर्षं घसाऱ्याच्या बराच खाली असेल तर आत्ताची रोकड छान दिसते, पण नेटवर्क म्हातारं होत चाललेलं असतं.

हिशेबातल्या दोन चकव्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या कंपन्यांची तुलना बिघडते. पहिला भाडेकरारांचा. २०१९ पासून आंतरराष्ट्रीय हिशेब-पद्धतीत टॉवरचं भाडं हा खर्च न राहता घसारा आणि व्याजात विभागला जातो, त्यामुळे एबिटा फुगतो. अमेरिकी पद्धतीत बहुतेक भाडी एबिटाच्या आधीच वजा होतात. युरोपातल्या अनेक कंपन्या म्हणून ‘भाड्यानंतरचा एबिटा’ वेगळा देतात, आणि तुलनेला तोच घ्यावा. दुसरा चकवा स्पेक्ट्रमचा. अमेरिकेत परवान्यांचं नूतनीकरण नाममात्र खर्चात होतं असं मानून त्यांची किंमत दरवर्षी झिजवली जात नाही. जिथे परवाना ठरावीक मुदतीचा, बहुधा वीस वर्षांचा असतो, तिथे ती झिजवली जाते. तोच व्यवसाय, तीच रोकड, पण दाखवलेला नफा वेगळा. म्हणून निव्वळ नफ्यापेक्षा मोकळी रोकड (सगळे खर्च भागवून हातात उरणारा पैसा) मोजा, आणि ती मोजताना स्पेक्ट्रमचे हप्ते वजा करायला विसरू नका. बऱ्याच कंपन्यांच्या ‘मोकळ्या रोकडी’त ते धरलेलेच नसतात.

पायरी ३ : स्पेक्ट्रमचा तक्ता वाचा

वार्षिक अहवालात कुठेतरी पाठीमागे स्पेक्ट्रमचा तक्ता असतो. वाचक तो सहसा ओलांडून जातात. त्यात तीन गोष्टी बघायच्या : कोणता पट्टा, किती मेगाहर्ट्झ आणि मुदत कधी संपते.

१ गिगाहर्ट्झच्या खालच्या लहरी लांब जातात आणि भिंतींतून आत शिरतात, पण तिथे जागा कमी, त्यामुळे वेग मर्यादित. ३.३ ते ३.८ गिगाहर्ट्झच्या आसपासचा मधला पट्टा हा ५जीचा कणा आहे : वेगही बरा, पल्लाही बरा. २४ गिगाहर्ट्झच्या वरच्या मिलिमीटर लहरींचा वेग प्रचंड, पण पल्ला काहीशे मीटर आणि झाडाचं पान आडवं आलं तरी अडखळतात. ज्या ऑपरेटरकडे खालचा पट्टा नाही त्याला तेवढ्याच प्रदेशासाठी जास्त टॉवर लागतात. मधला पट्टा नसेल तर गर्दीच्या ठिकाणी वेग पडतो आणि ग्राहक जातात. तक्त्यातली उणीव ही पुढच्या लिलावातली खरेदीच असते. फक्त ती अजून कर्जाच्या रकान्यात आलेली नसते.

लिलावाची किंमत महाग की स्वस्त हे तपासायला एक माप आहे : एकूण किंमत भागिले (मेगाहर्ट्झ गुणिले लोकसंख्या). अमेरिकेचा २०२१ चा सी-बँड (मधल्या पट्ट्याचा) लिलाव २८० मेगाहर्ट्झसाठी सुमारे ८१ अब्ज डॉलरवर गेला, म्हणजे दर मेगाहर्ट्झ-माणशी एका डॉलरच्या जरा खाली. एकट्या व्हेरायझनची बोली सुमारे ४५ अब्ज होती. त्या लिलावानंतर कंपनीच्या ताळेबंदाचं काय झालं ते पुढच्या तीन वर्षांच्या अहवालांत सलग बघावं. स्पेक्ट्रम शेअरधारकाच्या खिशातून कसा विकत घेतला जातो, हे त्यातून पाठ होतं.

परवान्याची मुदत तीन-चार वर्षांत संपत असेल तर नूतनीकरणाचा अंदाजे खर्च आजच कर्जात मिळवा.

याच टप्प्यावर ‘संभाव्य देणी’ (वादात अडकलेली, अजून न ठरलेली देणी) ही टीप वाचायची. भारतातला समायोजित सकल महसुलाचा (ज्यावर सरकारची परवाना-फी ठरते त्या महसुलाचा) वाद वर्षानुवर्षं अहवालांच्या टिपांमध्ये होता. २४ ऑक्टोबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्याच तिमाही निकालात व्होडाफोन आयडियाने ५० हजार कोटी रुपयांहून जास्त तोटा नोंदवला. नंतर थकबाकीचा मोठा भाग शेअरमध्ये बदलला गेला आणि २०२५ पर्यंत सरकारचा वाटा सुमारे ४९ टक्क्यांवर पोचला. कंपनी जगली, पण जुन्या भागधारकाच्या वाट्याला आलेला तुकडा बारीक झाला. संभाव्य देण्यांची बेरीज कंपनीच्या बाजारमूल्याच्या एक-चतुर्थांशाहून मोठी असेल, तर त्या शेअरला ‘स्वस्त’ म्हणायची घाई करू नये.

पायरी ४ : टॉवर – दुसऱ्या भाडेकरूचा धंदा

टॉवर उभारायला १०० लागले असं धरा. पहिला भाडेकरू वर्षाला १० देतो, जागाभाडं, वीज-देखभाल वगैरे मिळून ६ जातात. उरले ४, म्हणजे परतावा ४ टक्के. दुसरा भाडेकरू आला की खर्च जेमतेम १ ने वाढतो, त्यामुळे उरतात १३. तिसऱ्यानंतर २२. टॉवर कंपनीची सगळी गंमत दुसऱ्या आणि तिसऱ्या भाडेकरूत आहे. म्हणून पहिला आकडा बघायचा तो दर टॉवरमागे सरासरी भाडेकरू किती, आणि तो आकडा वर चालला आहे की खाली.

करार दीर्घ मुदतीचे असतात. अमेरिकेत भाडं दरवर्षी साधारण ३ टक्क्यांनी वाढतं, इतर अनेक देशांत ते महागाईशी बांधलेलं असतं. त्यामुळे टॉवर कंपन्यांना एबिटाच्या ५ ते ६ पट कर्जही बाजार खपवून घेतो. पण त्या कर्जामुळेच व्याजदर वाढले की हे शेअर रोख्यांसारखे पडतात. २०२२ मध्ये तेच झालं. दुसरा धोका विलीनीकरणाचा. दोन ऑपरेटर एक झाले की एकाच टॉवरवरचे दोन भाडेकरार नकोसे होतात. स्प्रिंटचं जुनं नेटवर्क बंद झाल्याचा फटका क्राउन कॅसलला २०२५ मध्ये सुमारे २० कोटी डॉलरच्या वार्षिक महसुलाचा धरावा लागला. म्हणजे जी बातमी ऑपरेटरच्या शेअरला चांगली, तीच टॉवरच्या शेअरला वाईट. दोन्ही घेतले म्हणजे आपोआप सुरक्षित झालो असं नाही, पण या एका धोक्यापुरते ते एकमेकांना तोलून धरतात.

एकाच भाडेकरूकडून महसुलाचा निम्मा वाटा येत असेल आणि तो भाडेकरू अडचणीत असेल, तर भाडेकरार कितीही लांबचा असो, वसुलीचे दिवस मोजा. येणी महसुलापेक्षा वेगाने फुगत असतील तर कागदावरचं भाडं हातात पडत नाही.

पायरी ५ : उपकरणं आणि चिप

उपकरणवाल्यांचा धंदा लाटांचा. पिढी साधारण दहा वर्षांनी बदलते : २जी १९९१, ३जी २००१, ४जी २००९, ५जी २०१९. मात्र खरी विक्री प्रत्येक बाजारातल्या उभारणीच्या दोन-तीन वर्षांत एकवटते. भारतातल्या ५जी उभारणीच्या घाईत २०२३ मध्ये नोकिया आणि एरिक्सनची तिथली विक्री उसळली आणि २०२४ मध्ये तितक्याच जोरात ओसरली. त्या एका वर्षाचा नफा पकडून ‘शेअर नफ्याच्या दहा पटींत मिळतोय’ म्हणणं चूक. चांगल्या-वाईट मिळून सात-आठ वर्षांचा सरासरी नफ्याचा टक्का काढा, तो आजच्या विक्रीला लावा आणि मग पट मोजा.

ग्राहक थोडे आणि मोठे, त्यामुळे एकेक कंत्राट निर्णायक. डिसेंबर २०२३ मध्ये एटी अँड टीने पाच वर्षांत सुमारे १४ अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकणारं काम एरिक्सनकडे सोपवलं आणि नोकियाचा शेअर पडला. राजकारणही आडवं येतं : एप्रिल २०१८ च्या अमेरिकी बंदीनंतर झेडटीईला आपलं मुख्य कामकाज थांबवावं लागलं. आणि मोठ्या अधिग्रहणांकडे संशयाने बघा. एरिक्सनने २०२२ मध्ये ६.२ अब्ज डॉलरला व्होनेज ही इंटरनेटवरून संवाद-सेवा देणारी कंपनी घेतली आणि २०२३ मध्येच तिच्यापोटी ३२ अब्ज स्वीडिश क्रोना तोटा म्हणून पुसून टाकले.

चिपकडे आलात की वार्षिक अहवालात ‘महसुलाच्या १० टक्क्यांहून मोठे ग्राहक’ ही टीप आधी उघडा. स्कायवर्क्सचा महसूल गेली काही वर्षं दोन-तृतीयांशाच्या आसपास एकट्या ॲपलकडून येतो. पुढच्या फोनमधला आपला वाटा कमी होणार हे फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने सांगितलं आणि शेअर एका दिवसात सुमारे एक-चतुर्थांश घसरला. त्याच महिन्यात ॲपलने स्वतःचा पहिला मोडेम, सी१, आयफोन १६ई मध्ये आणला. त्याची तयारी गुप्त नव्हती. इंटेलचा मोडेम विभाग ॲपलने २०१९ मध्येच विकत घेतला होता. मोठा ग्राहक पुरवठादाराचा विभाग विकत घेतो तेव्हा पुढच्या पाच-सहा वर्षांचं वेळापत्रकच हातात मिळालेलं असतं.

पेटंटचा पैसा मात्र फार गोड. कारखाना नाही, माल नाही, आणि नफ्याचं प्रमाण चिपच्या कितीतरी वर. क्वालकॉमच्या निकालात चिपचा विभाग आणि परवान्यांचा विभाग वेगवेगळे दाखवतात. महसूल बहुतेक पहिल्यातून, पण करपूर्व नफ्यात दुसऱ्याचा वाटा त्याच्या आकाराच्या मानाने बराच मोठा. तुलनेसाठी दोन जाहीर दर : ५जी स्मार्टफोनमागे नोकियाने २०१८ मध्ये कमाल ३ युरो सांगितले होते, एरिक्सनने कमाल ५ डॉलर. या महसुलाचा धोका कोर्टात असतो. ॲपल-क्वालकॉमचा वाद १६ एप्रिल २०१९ ला मिटला आणि क्वालकॉमचा शेअर एका दिवसात सुमारे २३ टक्के चढला. वाद पेटलेला असताना तोच शेअर किती काळ दबून राहिला होता, तेही बघून ठेवा. मोठ्या फोन कंपन्यांचे परवाना-करार कधी संपतात, हे अहवालातून काढून तारखा वहीत लिहा. करार संपण्याच्या आधीचं वर्ष अस्वस्थतेचं असतं.

पायरी ६ : किंमत ठरवताना

ऑपरेटरसाठी संकेतस्थळांवर दिसणारं ‘कंपनीमूल्य भागिले एबिटा’ जसंच्या तसं घेऊ नका. बाजारमूल्य १०० आणि कर्ज ८०, म्हणून कंपनीमूल्य १८०, एबिटा ३०, म्हणजे ६ पट असं तिथे दिसेल. पण स्पेक्ट्रमची थकीत देणी ४० आणि भाडेकरारांचं ओझं ३० राहिलेलं असू शकतं. ते मिळवा : २५० भागिले ३०, म्हणजे ८ पटींहून जास्त. स्वस्त वाटणारा शेअर महाग निघाला.

मग सगळं वजा केल्यावरची मोकळी रोकड भागिले बाजारमूल्य काढा आणि त्याच देशाच्या दहा वर्षांच्या सरकारी रोख्याच्या व्याजाशी लावून बघा. वाढ मंद असलेल्या ऑपरेटरमध्ये रोख्यापेक्षा निदान ३ टक्के जास्त मिळत नसतील, तर त्या जोखमीचा मोबदला मिळत नाही, असं आमचं मत.

टॉवरला दर शेअरमागची ‘समायोजित रोकड कमाई’ (नफ्यात घसारा परत मिळवून काढलेली कमाई) लावा, कारण तिथे घसारा कागदी असतो. चिपमध्ये उलटं : किंमत-नफा गुणोत्तर सगळ्यात कमी दिसतं ते बहुधा तेजीच्या टोकाला, कारण नफा तेव्हा फुगलेला असतो. क्वालकॉमने १९९९ मध्ये एका वर्षात सुमारे २६ पट झेप घेतली. तेव्हाच्या शिखराच्या वर पुन्हा टिकायला त्या शेअरला वीस वर्षं लागली, आणि या काळात कंपनी बुडत नव्हती, वाढतच होती.

लाभांशाबद्दल थोडं. इतरांपेक्षा दुप्पट लाभांश-परतावा दिसला तर बाजार कपात गृहीत धरून बसला आहे असं समजा. व्होडाफोनने २०१९ मध्ये लाभांश सुमारे ४० टक्के कापला आणि पुढे पुन्हा निम्मा केला. एटी अँड टीने २०२२ मध्ये जवळपास निम्मा केला, क्राउन कॅसलने २०२५ मध्ये सुमारे एक-तृतीयांशाने कमी केला. तपासणी सोपी : वर्षाचा एकूण लाभांश भागिले खरी मोकळी रोकड. ७० टक्क्यांच्या वर आणि कर्ज एबिटाच्या तिपटीहून जास्त, असं दोन्ही एकत्र दिसलं की तो लाभांश उत्पन्नात धरू नका. परदेशी शेअर असेल तर लाभांशावर तिथे आधी कर कापला जातो, तोही हिशेबात घ्या.

पायरी ७ : किती, कधी आणि कोणत्या क्रमाने

सगळे वायरलेस शेअर मिळून एकूण शेअर-गुंतवणुकीच्या १० ते १५ टक्क्यांत ठेवावेत. एका कंपनीत ४ टक्क्यांहून जास्त नको, आणि कर्ज एबिटाच्या चौपटीहून जास्त असेल तर २ टक्के पुरे. मोडेम, रेडिओ-भाग आणि फोन बनवणारी कंपनी असे तीन शेअर घेतले तर ते तीन नव्हेत. एकाच फोनच्या विक्रीवरची ती एक पैज आहे.

खरेदी तीन भागांत करा. पहिला तृतीयांश अभ्यास पूर्ण झाल्यावर, दुसरा पुढच्या तिमाही निकालानंतर, तिसरा वार्षिक अहवाल वाचून झाल्यावर. मोठ्या स्पेक्ट्रम लिलावाच्या तोंडावर ऑपरेटर घेऊ नका. निकाल लागू द्या, कुणी किती जास्त मोजले ते कळू द्या.

निकाल वाचण्यालाही क्रम आहे. ऑपरेटर वर्षाच्या सुरुवातीला भांडवली खर्चाचा अंदाज देतात, आणि तोच आकडा पुढे उपकरणवाल्यांची विक्री होतो. एरिक्सन प्रत्येक हंगामात लवकर, महिन्याच्या मध्याला निकाल लावते, त्यामुळे बाकीच्यांची दिशा तिथे आधी दिसते. आर्थिक वर्षं जुळत नाहीत हे ध्यानात ठेवा : क्वालकॉम आणि स्कायवर्क्सचं सप्टेंबरअखेर संपतं, भारतीय कंपन्यांचं मार्चअखेर, बहुतेक युरोपीय कंपन्यांचं डिसेंबरअखेर. ‘पहिली तिमाही’ असं नाव वाचून तुलना केली की सणासुदीची फोनविक्री एका कंपनीत धरली जाते आणि दुसऱ्या कंपनीत सुटते.

पायरी ८ : आकाशातून येणारे

उपग्रहावरून थेट मोबाइलला सेवा ही कल्पना नवी नाही. इरिडियमने ६६ उपग्रहांचं जाळं सुमारे ५ अब्ज डॉलर घालून उभं केलं, सेवा सुरू केली आणि वर्षभरात, ऑगस्ट १९९९ मध्ये, दिवाळखोरीचा अर्ज दिला. उपग्रह उत्तम चालत होते, ग्राहक मात्र आले नाहीत. नंतर मातीमोल किमतीत नवे मालक आले आणि तेच जाळं चालवून धंदा उभा राहिला. भांडवल-खाऊ तंत्रज्ञानात पहिला मालक बुडतो आणि दुसरा कमावतो, हे इथे वारंवार घडतं.

या वेळी परिस्थिती थोडी वेगळी आहे : प्रक्षेपण स्वस्त झालं आहे आणि साध्या फोनलाच जोडणी मिळू लागली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये स्पेसएक्सने एकोस्टार या अमेरिकी उपग्रह-सेवा कंपनीकडून सुमारे १७ अब्ज डॉलरचा स्पेक्ट्रम घेण्याचा करार जाहीर केला, तेव्हा टॉवर आणि ऑपरेटर या दोन्हींकडच्या गुंतवणूकदारांनी मान वर करून पाहिलं. तरी एका उपग्रहाचा झोत फार मोठा प्रदेश व्यापतो आणि त्यातली क्षमता सगळ्यांत वाटली जाते. दाट वस्तीत जमिनीवरच्या टॉवरची जागा तो इतक्यात घेत नाही. अशा कंपनीचा शेअर घ्यायचाच असेल तर दोन आकडे पुरेत : तिजोरीतली रोकड भागिले तिमाहीत जळणारी रोकड, आणि नियोजित उपग्रहांपैकी प्रत्यक्ष कक्षेत किती. पहिलं उत्तर सहाच्या खाली असेल तर नवे शेअर काढून पैसे उभारले जाणार हे धरून चाला.

पायरी ९ : विकायचं कधी

घेतानाच, त्याच पानावर, विकण्याच्या अटी लिहा. नंतर लिहिल्या की त्या भावाकडे बघून लिहिल्या जातात.

ऑपरेटरसाठी : दणकट ताळेबंदाचा नवा खेळाडू परवाना मिळवतो, सलग दोन तिमाही आर्पू आणि ग्राहक दोन्ही घटतात, लाभांश देण्यासाठी कर्ज काढलं जातं. टॉवरसाठी : दर टॉवरमागचे भाडेकरू वर्षभर घटतात, किंवा सगळ्यात मोठा भाडेकरू भाडं थकवतो. उपकरणांसाठी : नव्या ऑर्डर विक्रीपेक्षा सलग तीन तिमाही कमी, आणि मालाचा साठा वाढता. चिपसाठी : ४० टक्क्यांहून मोठा ग्राहक स्वतःचा भाग बनवू लागल्याची खात्रीलायक बातमी. पेटंटसाठी : मोठा करार संपून सहा महिने झाले तरी नवा नाही, आणि कंपनी वसूल न झालेली रॉयल्टी महसुलात धरू लागली आहे.

नुसता भाव २० टक्के पडला ही या यादीतली अट नाही. या क्षेत्रात तेवढी घसरण दर दोन-तीन वर्षांनी येते. अट लागू झाली असेल तर मात्र भाव खरेदीच्या वर आहे की खाली, हे न बघता निम्मे शेअर त्या आठवड्यात आणि उरलेले पुढच्या तिमाही निकालानंतर विकावेत.